थेरपीची अठरा सेशन्स, क्रमाने

मागच्या आठवड्यात अठरावं सेशन झालं आणि फाइल बंद झाली. पहिल्या फोनपासून धरलं तर साधारण आठ महिने: तीन आठवडे वाट पाहण्यात, मग बारा सेशन्स दर आठवड्याला, चार पंधरवड्याने आणि शेवटची दोन सेशन्स एकेका महिन्याच्या अंतराने. तक्रार चिंतेची आणि तिच्या मागोमाग आलेल्या उदासीची. पद्धत सीबीटी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलत जायची थेरपी. माझं काय बिनसलं होतं ते लिहीत नाही, त्याचा दुसऱ्या कुणाला उपयोग नाही. दार उघडून आत गेल्यावर कोणत्या क्रमाने काय होतं, थेरपिस्ट काय करतात, ते का करतात आणि गाडी कुठे अडते, एवढंच लिहिते. सुरुवातीला मला हेच कुठे सापडत नव्हतं.

पहिला फोन आणि मधले तीन आठवडे

फोन करताना समोर कागद ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. विचारायचं ते असं: शिक्षण काय, नोंदणी आहे का, कोणत्या पद्धतीने काम करता, माझ्यासारख्या तक्रारीवर आधी काम केलंय का, फी किती, सेशन रद्द करायचं तर किती तास आधी कळवायचं (बहुतेक ठिकाणी २४ तास, नाहीतर पूर्ण फी लागते), आणि दोन सेशन्सच्या मध्ये काही झालं तर संपर्क करता येतो का. "किती दिवस लागतील?" ह्याचं बरं उत्तर साधारण "आधी सहा-आठ सेशन्स करू, मग आढावा घेऊ" असं असतं. तीन बैठकीत बरं करून देण्याची हमी कुणी देत असेल तर फोन ठेवून द्या.

पैशांचं गणितही तेव्हाच करा: आठ सेशन्सची फी बाजूला काढता येते का, एवढंच बघा. आणि फीइतकाच मोठा खर्च वेळाचा असतो. पन्नास मिनिटांचं सेशन, येण्याजाण्याचा वेळ आणि गृहपाठाचे आठवड्याला तीन-चार तास. हा शेवटचा आकडा आधी कुणी सांगत नाही.

वाट पाहण्याच्या दिवसांत दोन कामं होतात. पहिलं, नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेणं. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हात थरथरणं. कमी करत असेल तर सुस्ती, उदासी. दोन्ही बाहेरून चिंता आणि नैराश्यासारखीच दिसतात. दुसरं, एक पान लिहून ठेवणं: त्रास कधीपासून, कशाने वाढतो, झोप किती, चहा-कॉफी आणि दारू किती, चालू औषधं डोससकट, आधी कुठे उपचार घेतले होते का. मात्र स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर ह्या तीन आठवड्यांची वाट पाहायची नाही. तातडीची सेवा किंवा हेल्पलाइन गाठायची आणि घरातल्या एका माणसाला सांगायचं, त्याच दिवशी.

पहिलं सेशन: कागदपत्रं

पहिल्या बैठकीत रडू कोसळेल अशी तयारी करून जातो आपण, आणि निम्मा वेळ जातो फॉर्म भरण्यात. तो कंटाळवाणा भाग लक्ष देऊन वाचा. संमतिपत्रात गोपनीयतेच्या मर्यादा लिहिलेल्या असतात: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाचं शोषण होत असेल, किंवा न्यायालयाने मागणी केली, तर माहिती बाहेर जाऊ शकते. तपशील तिथल्या कायद्याप्रमाणे बदलतात, म्हणून विचारून घ्यायचे. बहुतेक थेरपिस्ट आपल्या केसेसवर एखाद्या अनुभवी सुपरव्हायझरशी नाव न सांगता चर्चा करतात, हेही तिथेच लिहिलेलं असतं. वाचून दचकू नका. अशी चर्चा करणारा थेरपिस्ट न करणाऱ्यापेक्षा बरा.

मग दोन प्रश्नावल्या. नैराश्यासाठी पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. चिंतेसाठी जीएडी-७: सात प्रश्न, एकूण २१. दोन्हींत मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं आणि दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त गुण आले की गंभीरपणे घेतात. ह्या आकड्यावरून निदान ठरत नाही. तापमापीतला पारा बघावा तसा तो बघायचा. पीएचक्यूचा नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. तिथे "फारसं नाही" म्हणून शून्यावर खूण करण्याचा मोह होतो. खरं ते लिहा, कारण पुढची सुरक्षेची आखणी त्यावरून होते. ती आखणी म्हणजे एक पानच असतं: धोक्याच्या खुणा कोणत्या, स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, घरातल्या कोणत्या वस्तू दूर ठेवायच्या.

एकमेकांना काय म्हणायचं तेही पहिल्याच दिवशी ठरतं. थेरपिस्ट विचारतात, "तुम्ही म्हणू की तू?" प्रश्न साधा वाटतो, पण "तू" म्हणवून घेतल्यावर आपण नकळत धाकटे होतो आणि उपदेशाची वाट बघायला लागतो. मी "तुम्ही"वरच थांबले.

दुसरं, तिसरं: नकाशा

इथे बरेच जण वैतागतात. "दोन बैठका झाल्या, अजून काही सांगितलंच नाही." सांगणार नाहीतच. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९५७ मध्ये थेरपीत बदल घडण्यासाठी काय लागतं ते मांडलं, त्यात सल्ला कुठे नव्हता. होतं ते अटी न घालता स्वीकारणं, समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं आणि थेरपिस्टने मुखवटा न घालता समोर बसणं. सल्ला द्यायला घरचे-दारचे सगळे आहेतच, आणि तो ऐकूनच आपण इथवर आलेलो असतो.

ह्या दोन बैठकांत थेरपिस्ट एक नकाशा काढतात. आधीपासून काय होतं, ठिणगी कशाने पडली, आग कशाने पेटती राहते आहे आणि पाण्याच्या बादल्या कुठे आहेत. ह्यातला तिसरा कप्पा सगळ्यात कामाचा. बालपण बदलता येत नाही, पण रोज रात्री दोनदा कुलूप तपासणं, आलेला फोन न उचलणं, "मी बरी आहे ना?" असं दिवसात चार जणांना विचारणं, ह्या गोष्टी आजही चिंतेला खाऊ घालत असतात. हा नकाशा कागदावर मागून घ्या. चुकीचा वाटला तर खोडून दाखवा. तो दोघांनी मिळून काढायचा असतो.

उद्दिष्टंही इथेच ठरतात. "मला आनंदी व्हायचंय" ह्यावर काम करता येत नाही. "मीटिंगमध्ये आठवड्यातून एकदा तरी बोलायचं" ह्यावर येतं. "चिंता नको" हेही उद्दिष्ट नाही. चिंता गेली तर काय कराल, ते उद्दिष्ट.

चौथं ते सहावं: वाटतं, वाटते

गृहपाठ सुरू होतो तो नोंदींपासून. आधी आठवडाभर तासातासाची नोंद: काय केलं, त्यात मजा किती (० ते १०), काहीतरी जमल्याची भावना किती (० ते १०). पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. उदास माणूस ठामपणे सांगतो की सगळा आठवडा शून्य होता. वहीत मात्र गुरुवारी संध्याकाळी एक ४ सापडतो. दुसऱ्या आठवड्यापासून त्या ४ सारख्या गोष्टी वेळ ठरवून दिवसात बसवायच्या, मूड असो वा नसो. "मूड आला की करू" ही उदासीची ठेवणीतली युक्ती आहे. काही केलं नाही की मूड येत नाही, आणि मूड नाही म्हणून काही करत नाही. हे चाक करण्याच्या बाजूने फिरवणं सोपं पडतं. दहा मिनिटांचं चालणं पुरतं, तासाभराचं ठरवू नका.

मग विचारांची नोंद, आणि मराठीत विचार करणाऱ्याचा पाय इथे हमखास अडकतो. तक्त्यात भावना आणि विचार ह्यांचे रकाने वेगळे असतात, आणि आपल्याकडे दोन्हींना एकच क्रियापद आहे: वाटणं. "मला वाटतं की ते मला टाळतायत." भावनेच्या रकान्यात लिहून मोकळे होतो आपण. हा विचार आहे. "मला भीती वाटते", ही भावना. माझ्या वहीच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: "वाटतं" नंतर "की" आलं तर विचार, भावना एका शब्दात मावते. भीती, लाज, राग, दुःख, हेवा, अपराधीपणा. "टेन्शन" चालत नाही, त्याच्या आत ह्यातलं काहीही असू शकतं. "कसंतरीच होतं" म्हटलं की थेरपिस्ट विचारतात, कुठे? पोटात गोळा, छातीत धडधड, की डोकं बधिर? तिथून नाव सापडत जातं.

एक ओळ पूर्ण भरून दाखवते. मंगळवार, दुपारचे चार, वरिष्ठांचा मेसेज: "उद्या बोलू." भावना: भीती ८०, लाज ४०, शंभरपैकी. विचार: "मला कामावरून काढणार." विश्वास ९०. बाजूचा पुरावा: मागच्या आठवड्यात अहवालात चूक निघाली. विरुद्ध पुरावा: चूक दुरुस्त होऊन अहवाल पुढे गेला, "उद्या बोलू" असे मेसेज आधीही आलेत, ते सुट्ट्यांच्या वेळापत्रकासाठी होते. पर्यायी विचार: "चुकीबद्दल बोलणं होऊ शकतं. काढण्याचं लक्षण आत्ता एकही नाही." ह्यावर विश्वास ६०. भीती पुन्हा मोजली: ४५.

ऐंशीचे पंचेचाळीस झाले, की ती ओळ यशस्वी. शून्याची अपेक्षा ठेवली तर वही तिसऱ्या दिवशी बंद पडते. ह्या तक्त्यात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली, पर्यायी विचार म्हणून "सगळं छान होईल" लिहिणं. त्यावर स्वतःचाच विश्वास १० टक्के, मग भीती कशी उतरणार? दुसरी, विचार प्रश्नाच्या रूपात लिहिणं. "काढलं तर?" ह्याला पुरावा शोधता येत नाही, "काढणार" ह्याला येतो. प्रश्नाचं विधान करून घ्यायचं. तिसरी, रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिणं. तोवर मनाने घटनेची डागडुजी केलेली असते. तासाभरात लिहा, फोनवर दोन शब्द टिपले तरी चालतील.

विचार पकडायची एक खूण मराठीत फुकट मिळते: "च". झालंच पाहिजे, मलाच का, नेहमीच असं, त्यांनी असं वागायलाच नको होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीचा रोख ह्याच हट्टावर आहे: इच्छेची मागणी झाली की त्रास सुरू. "झालंच पाहिजे"तला च काढून "झालं तर फार बरं" असं मोठ्याने म्हणून बघा. इच्छा तशीच राहते, गळ्यावरचा हात निघतो.

सातवं: सोडून द्यावंसं वाटतं

बहुधा सहाव्या-सातव्या सेशनच्या आसपास. प्रश्नावल्यांतले माझे गुण वाढले होते, म्हणजे त्रास वाढलेला दिसत होता. कारण कळल्यावर सोपं वाटलं: इतके दिवस टाळलेल्या गोष्टींकडे बघायला लागल्यावर त्या आधी जास्त दिसतात. शिवाय नोंदींमुळे लक्ष जातं. पण तेव्हा वाटतं ते एवढंच की पैसे वाया चालले.

ह्याच सुमारास गृहपाठही राहतो. थेरपिस्ट रागावत नाहीत, ते विचारतात की नेमकं कुठल्या क्षणी राहिला. वही उघडलीच नाही, की उघडून मिटली? दोन्हींची कारणं वेगळी असतात. इथे एक नियम फार उपयोगी पडला: काम ठरवताना "हे करीनच" ह्याची खात्री दहापैकी किती ते सांगायचं. सातच्या खाली असेल तर काम निम्मं करायचं.

आणि थेरपिस्टचं काही खटकलं असेल तर? घड्याळाकडे बघितलं, एखादं वाक्य लागलं, मागच्या वेळचं विसरले. ह्यावर माझं मत ठाम आहे: गुपचूप पुढचं सेशन रद्द करू नका, तोंडावर सांगा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिनने १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्टावर एकमत, कामावर एकमत आणि जिव्हाळा. आपल्याला वाटतं जिव्हाळा तुटला. पुष्कळदा तुटलेलं असतं कामावरचं एकमत, म्हणजे हा गृहपाठ का करतोय तेच पटलेलं नसतं. सांगितल्यावर चांगला थेरपिस्ट बचाव करत नाही, अजून विचारतो. नातं बिघडून पुन्हा सांधलं जाणं हा इलाजाचाच भाग धरतात, कारण बाहेरच्या नात्यांत बहुतेकांना बिघडल्यावर पळणं तेवढं येत असतं. दोनदा सांगूनही उत्तर म्हणून आपलीच चूक दाखवली जात असेल, किंवा थेरपिस्ट मैत्री, व्यवहार, शारीरिक जवळीक ह्यांकडे वळत असतील, तर मात्र उठून यायचं. पहिल्यासाठी दुसरा थेरपिस्ट, दुसऱ्यासाठी तक्रार.

आणखी एक. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत, चपला घालताना सांगितली जाते. सगळेच करतात. तेव्हा "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू" एवढंच होऊ शकतं, आणि पुढच्या वेळी ती सांगायचं धैर्य ओसरलेलं असतं. ती चिठ्ठीवर लिहून न्या आणि बसल्याबसल्या हातात द्या.

गुण उतरतच नसतील तर साधारण ह्या टप्प्यावर सायकिअ‍ॅट्रिस्टकडे (औषधं देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडे) पाठवण्याचा विषय निघतो. त्रास तीव्र असेल तर आधीच निघतो. थेरपिस्ट हरले असा त्याचा अर्थ नाही. नैराश्य-चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीचे काही दिवस अस्वस्थता वाढूही शकते, आणि बरं वाटलं म्हणून ती एकदम बंद करायची नसतात.

आठवं ते बारावं: शिडी

ज्याची भीती त्याच्या दिशेने पायऱ्यापायऱ्याने जायचं. दहा पायऱ्या लिहायच्या, प्रत्येकीपुढे ० ते १०० भीती. सुरुवात ३०-४० पासून करायची. १० ची पायरी म्हणजे काहीच शिकणं नाही, ९० ची म्हणजे पळ काढण्याची हमी. आणि पळ काढणं हाच मोठा धोका: भीती शिगेला पोहोचली असताना बाहेर पडलात तर मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती तिप्पट.

प्रत्येक प्रयोगाआधी भाकीत लिहायचं: "बोलायला लागले की आवाज थरथरेल आणि सगळे हसतील." नंतर काय झालं ते. आवाज थरथरला, कुणी हसलं नाही, एकाने वर बघितलं. भाकीत आणि घडलेलं ह्यांतली ही तफावत शिकवते, भीती किती उतरली हे त्या मानाने दुय्यम.

शिडी चढूनही काही बदललं नाही, तर बहुतेक वेळा कारण एकच सापडतं: हातातली कुबडी. पाण्याची बाटली घट्ट धरणं, दाराजवळची खुर्ची, वाक्यं पाठ करून जाणं, सोबतीला कुणाला तरी नेणं. मग मन श्रेय बाटलीला देतं. सावकाश श्वास घेणंही कुबडी होऊ शकतं, "श्वास घेतला म्हणून वाचले" असं वाटायला लागलं तर. कुबड्यांची यादी वेगळी करायची आणि एकेक सोडायची.

रात्री घोळणाऱ्या काळज्यांसाठी वेगळी युक्ती आहे, थोडक्यात सांगते: संध्याकाळी ठरावीक वीस मिनिटं काळजीची वेळ. दिवसभर आलेली काळजी एका ओळीत टिपायची आणि त्या वेळेवर ढकलायची. वेळ आल्यावर निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात. अंथरुणात बसून मात्र करू नका.

तेरावं ते सोळावं: लक्षणांच्या पलीकडे

इथवर आल्यावर गुण उतरलेले असतात आणि बरेच जण थांबतात. पुढची चार सेशन्स मात्र मला सगळ्यात अवघड गेली. प्रश्न बदलतो: चिंतेत जाणारा वेळ मोकळा झाला, आता त्याचं काय? थेरपिस्ट मूल्यांबद्दल विचारतात. मूल्य म्हणजे दिशा, उद्दिष्ट म्हणजे मुक्काम. "पदोन्नती" मुक्काम आहे, "काम नीट आणि प्रामाणिकपणे करणं" ही दिशा. पदोन्नती हुकली तरी दिशेने चालता येतं. नातं, काम, शरीर, शिकणं, समाज अशा कप्प्यांत दोन आकडे लिहायचे: हे मला किती महत्त्वाचं, आणि गेल्या महिन्यात मी त्याप्रमाणे किती वागले. सगळ्यात मोठी तफावत जिथे असेल तिथे आठवड्याला एक लहान कृती. "महत्त्वाचं" च्या रकान्यात आईवडिलांना, जोडीदाराला जे महत्त्वाचं वाटतं तेच उतरतं पहिल्यांदा. थेरपिस्ट विचारतात, "हे कुणालाही कधीच कळणार नसेल, तरी कराल?" माझ्या तीन ओळी ह्या प्रश्नाने खोडल्या गेल्या.

सतरावं, अठरावं

शेवट अचानक होत नाही, तारीख चार-पाच सेशन्स आधी ठरते. अंतर वाढवतात ते एवढ्यासाठीच, की मधल्या काळात घसरण झाली तर ती आपणच सावरून बघावी आणि मग येऊन सांगावं. ह्या काळात जुनं लक्षण एकदा डोकं वर काढतं, निरोपाच्या भीतीनेही. एक वाईट आठवडा म्हणजे ठेच. पुन्हा सगळं टाळायला लागणं म्हणजे पडणं. दोन्हींतला फरक वागण्यात दिसतो, म्हणून शेवटच्या पानावर वागण्याच्याच खुणा लिहायच्या: फोन उचलणं बंद, उशिरा झोपणं, कुलूप दोनदा तपासणं. प्रत्येक खुणेपुढे वहीतली कोणती गोष्ट आधी करायची ते. आणि किती दिवसांनी थेरपिस्टना फोन करायचा तो आकडा, माझा चौदा.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: नोंदी किती वर्षं जपून ठेवतात, गरज पडली तर एकच सेशन मिळतं का, आणि दुसऱ्या गावी गेल्यास सारांश मिळेल का. मग त्याच दोन प्रश्नावल्या शेवटच्या भरायच्या. पहिल्या दिवसाचा कागद शेजारी ठेवला जातो. माझा जीएडी १६ वरून ५ वर आला; पाच म्हणजे सौम्य, शून्य नव्हे.

शेवटच्या सेशनलाही गृहपाठ असतो. तीन महिन्यांनंतरचा एक दिवस कॅलेंडरवर मांडायचा, अर्धा तास, वही आणि त्या दोन प्रश्नावल्या घेऊन एकटीने बसायचं.